माझ्या मापाची सायकल

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या इमारतीतली मैत्रीण सांगत होती, की त्यांच्या ग्रुपच्या सव्वाशे सायकली जूनमध्ये पंढरपूरला जाणार आहेत. पुण्याहून, एका दिवसात. "मीपण येते," मी म्हणून गेले. तोंडातला तिळगूळ तेवढा गिळता आला, शब्द नाही.

तेव्हा माझं वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट एक इंच आणि नोकरी बँकेत, दिवसभर खुर्चीत. सायकल शेवटची चालवली ती बारावीत, १९९३ साली. तेव्हा कर्वे रोडवरून आम्ही आठ-दहा मुली रस्ता अडवून गप्पा मारत कॉलेजला जायचो आणि मागून येणारा पीएमटी बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळायचा. ग्रुप राईडचा माझा अनुभव म्हणायचा तर एवढाच.

ग्रुपच्या अटी दोन. मे संपायच्या आत एका दिवसात शंभर किलोमीटर करून दाखवायचे आणि निघण्याच्या आठवडाभर आधी सायकल तपासून घ्यायची. पहिल्या अटीनं माझी झोप उडाली. दुसरीकडे मी बघितलंही नाही. सायकल काय, घरात होतीच.

ती मुलाची. तो आठवीत असताना घेतलेली एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, जाडजूड नक्षीदार टायर, पुढे सस्पेन्शन. इंजिनिअरिंगला गेल्यापासून पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. मी ती पुसली, हवा भरली, चेनला शिलाई मशीनचं तेल दिलं आणि रविवारी पहाटे खडकवासल्याला निघाले. जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर. पोचले, चौपाटीवर कणीस खाल्लं, परत आले. नवऱ्यानं दार उघडलं तेव्हा मला हातातली किल्ली धरता येत नव्हती. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर झाली होती, मान आखडलेली, आणि गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी ठोकतंय असं वाटत होतं.

"अगं, सवय नाही ना. होईल," तो म्हणाला. मलाही तेच पटलं. पुढचे तीन रविवार मी तेच दुखणं नव्यानं घेऊन येत राहिले.

बसण्याच्या जागेचं दुखणं तर वेगळंच. त्यावर उपाय म्हणून मी सीटवर चढवायचं जेलचं जाड कव्हर आणलं. दुकानात अंगठ्यानं दाबून बघितलं तर लोण्यासारखं मऊ. पहिले दहा किलोमीटर स्वर्ग. मग त्या मऊ गादीत मी रुतायला लागले, मांड्या दोन्हीकडून घासायला लागल्या, आणि पंचविसाव्या किलोमीटरला मी नांदेड फाट्यावर उतरून चक्क सायकल हातात धरून चालले. तेव्हा मैत्रिणीला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो पॅडेड शॉर्ट्स घेतल्यास का. घेतली आहे म्हटलं. "आणि आत?" आत नेहमीचं. ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं, शिवणी घासतात. ही गोष्ट कुठल्याच दुकानदारानं मला सांगितली नव्हती. बाईमाणसाला कशी सांगणार, असं त्यांना वाटलं असेल.

पण हात आणि गुडघा काही शॉर्ट्सनं बरे होणारे नव्हते. मुलगा सुट्टीला घरी आला होता. त्यानं मला पार्किंगमध्ये सायकलवर बसवलं, लांबून बघितलं आणि म्हणाला, "आई, तू सायकलवर बसलेली नाहीयेस. तू तिला लटकलेली आहेस." फोटो काढून दाखवला. खरंच. हात ताणून कोपरं ताठ झालेली, खांदे कानांना लागलेले. माझं निम्मं वजन तळहातांवर होतं. त्यानं वजनकाट्यावर आधी मला उभं केलं, मग सायकल उचलून उभं केलं. फरक साडेसोळा किलो. वर पेडलवर जोर लावला की पुढचं सस्पेन्शन उठाबशा काढायचं, म्हणजे माझी थोडी ताकद रस्त्यालाही लागत नव्हती.

"सीट खाली केली तर?"

"सीट वर-खाली होते. पण सीटपासून हँडल किती लांब, ते फ्रेमनं ठरवलेलं असतं. ही माझ्या मापाची आहे." तो पाच फूट दहा आहे.

म्हणजे नवी सायकल. एका मोठ्या दुकानात गेलो. सेल्समननं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "लेडीज सायकल दाखवू? बास्केटवाली?" मी पंढरपूर म्हटल्यावर त्याचा सूर बदलला आणि त्यानं ऑफरमधली काढली. एकवीस गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, भडक हिरवी. फ्रेमवर 'एम' लिहिलेलं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले तर वरची नळी टेकत होती, आणि कुठे टेकत होती ते सांगायची गरज नाही. "सीट पूर्ण खाली करून देतो ना मॅडम. सवय होते." पुन्हा सवय. गेला महिनाभर मी तीच करत होते.

घरी येऊन मापं घ्यायला बसलो. पद्धत साधी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईल एवढं वर ओढायचं, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हाताशी कपाटात ज्ञानेश्वरी होती. नवऱ्याचा हात तिकडे वळलेला बघून मी ओरडले. मग मुलाचं थर्मोडायनॅमिक्स कामी आलं. त्याच्या मते त्या पुस्तकाचा घरात झालेला हा पहिला उपयोग. माप निघालं ७१ सेंटिमीटर.

या आकड्याला ०.८८३ नं गुणायचं. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं तीनदा टूर द फ्रान्स जिंकली, त्याच्यामुळे हे गणित जगभर पसरलं. उत्तर येतं ते पेडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माझं आलं ६२.७. मुलाच्या एमटीबीवर हेच अंतर ५८ होतं, कारण पाय जमिनीला पुरावा म्हणून मी सीट तळाला नेऊन ठेवली होती. गुडघा पुढच्या बाजूनं दुखतो तो बहुतेक वेळा सीट खाली असल्यानं, हे तेव्हा कळलं. पाय कधी सरळच होत नाही, सगळा भार वाटीवर. आणि सीटवर बसल्या बसल्या पाय जमिनीला पुरायची गरजच नसते. थांबताना पुढे उतरून उभं राहायचं असतं. शाळेत असताना हे आपोआप यायचं. तीस वर्षांत कुठे गेलं कोण जाणे.

आता कुठली घ्यायची. ग्रुपमधले निम्मे लोक रोडबाईकवाले. त्यांनी सांगितलं, रोडी घे, उडत जाशील. एकीची चालवून बघितली. हलकी होती हे खरं, पण वळलेल्या हँडलवरून माझी बोटं ब्रेकला पोचेनात. सव्वाशे लोकांच्या गर्दीत ब्रेकला बोटं पोचायला हवीत, एवढं मला रोडीशिवायही कळत होतं. राहिली हायब्रिड. सरळ हँडल, मोठी चाकं, मध्यम रुंदीचे टायर, पुढचं चाक धरणारा फोर्क सस्पेन्शन नसलेला. सस्पेन्शन नाही म्हटल्यावर नवरा हळहळला. हायवेवर सस्पेन्शन म्हणजे उगाच दोन किलो ओझं, हे त्याला आजही पटलेलं नाही.

लहान मापाची हायब्रिड दुकानात मिळेना. ऑर्डर करून मागवू म्हणायचे आणि महिना सांगायचे. शेवटी औंधच्या एका बाईंची मिळाली. त्या परदेशी मुलाकडे निघाल्या होत्या, सायकल दोन वर्षांची, जेमतेम वापरलेली. सर्वांत लहान माप, साडेएकोणीस हजार. वापरलेली सायकल घेताना काय बघायचं ते मी तोवर पाठ केलं होतं. बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळतो का. पुढची नळी आणि हँडलखालची नळी मिळते तिथल्या सांध्यात रंगाला भेग आहे का. पेडलचा दांडा हातानं आडवा हलवला तर खुट्कन हलतो का. आणि चेन. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस कड्यांचे बारा इंच व्हायला हवेत. मी पर्समधून स्टीलची पट्टी काढून त्यांच्या गॅलरीत उकिडवी बसले. चोविसावी पिन बरोबर बारावर होती. एक सोळांश इंच पुढे गेली असती तर चेन बदलायची होती, आणि एक अष्टमांश गेली असती तर मागचे दातेही. त्या बाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला पट्टीसकट बघून म्हणाल्या, "तुम्ही टेलर का?"

सायकल घेतली म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. खरं काम त्यापुढे, आणि ते केलं पेठेतल्या एका मिस्त्रींनी. पत्र्याचं दुकान, बाहेर टबात काळं पाणी, आत भिंतीवर चाकं टांगलेली. वय सत्तरच्या पुढे. गिअरच्या सायकली आल्या तेव्हा दुकान बंद करतील असं सगळ्यांना वाटलं होतं म्हणे. त्यांनी उलट ॲलन की, म्हणजे सहाकोनी चाव्या, आणल्या आणि शिकले. मी त्यांना माझा ६२.७ आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली, मोजून सीट लावली आणि म्हणाले, "हा झाला कागद. आता बसा."

भिंतीला हात टेकून बसले. टाच पेडलवर ठेवायला लावली, पेडल खालच्या टोकाला. पाय सरळ व्हायला हवा, पण ढुंगण हलता कामा नये. मग उलटं पेडल मारायला सांगून मागे उभे राहून बघत राहिले. "उजवीकडं झुकताय ताई." सीट तीन मिलिमीटर खाली. त्यानंतर त्यांनी खिशातून दोरा काढला, त्याला एक नट बांधलेला. गवंड्याचा ओळंबा असतो तसाच. पेडल घड्याळाच्या तीनच्या जागी आडवं धरायला लावून दोरा गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापासून खाली सोडला. नट पेडलच्या दांड्याच्या पुढे दोन बोटं लोंबत राहिला. त्यांनी सीट रुळावर मागे सरकवली, पुन्हा दोरा सोडला, पुन्हा थोडी सरकवली. नट दांड्यावर येऊन थांबेपर्यंत हे चार वेळा. मागे एक पोरगा पंक्चरसाठी ताटकळत होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

सीट मागे गेली म्हणजे हँडल आणखी लांब गेलं. तिथे त्यांनी हँडल धरणारा स्टेमच बदलला. नव्वद मिलिमीटरचा होता, साठचा बसवला. माझा तर समज होता की हँडल जवळ हवं तर सीट पुढे ओढायची. तसं केलं की गुडघ्याचं गणित मोडतं. सीट पायांसाठी लावायची आणि मग हँडल हातांसाठी, हा क्रम मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका ओळंब्यानं शिकवला.

ब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत पिळला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. दोन मिनिटांचं काम, फुकट. माझ्या बोटांना पहिल्यांदाच ब्रेक पुरला. एवढी साधी सोय तिथे पहिल्यापासून असते आणि लहान हातांच्या माणसाला ती कुणी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो.

सीटचं दुखणं मात्र घरीच सुटलं. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर दोन मिनिटं वाकून बसायचं. उठलं की बसण्याच्या दोन हाडांचे दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. माझं साडेबारा सेंटिमीटर. सायकलवर आलेली सीट त्याहून फारशी रुंद नव्हती, म्हणजे हाडं कडेवर आणि भार नको तिथे. साडेपंधराची घेतली, मऊ नाही, चांगली टणक. जेलचं कव्हर सध्या नवऱ्याच्या ऑफिसच्या खुर्चीवर आहे.

एप्रिल-मे सरावात गेले. सिंहगडाचा पायथा, कात्रजचा जुना बोगदा, दिवे घाट. कात्रजच्या चढाला ऐन जोरात गिअर बदलला आणि चेन पडली. मिस्त्री म्हणाले, चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा, पाय जड झाल्यावर नाही. खडकवासल्याला यू टर्न घेताना वेगळंच झालं. हळू वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं आणि मी सगळ्यांसमोर आडवी. लहान फ्रेमला मोठी चाकं बसवली की पाय आणि चाक एवढे जवळ येतातच, त्याला इलाज नाही. तेव्हापासून हळू वळताना मी बाहेरच्या बाजूचं पेडल मागे ठेवते. मेच्या दुसऱ्या रविवारी जुन्या हायवेनं लोणावळ्याला जाऊन आले, एकशे तीस किलोमीटर. करंगळ्या जाग्या होत्या.

आता ग्रुपची दुसरी अट. तपासणी म्हणजे हवा बघतील, ब्रेक दाबतील, असं वाटलं होतं. मार्शल, म्हणजे राईडवर लक्ष ठेवणाऱ्या लोकांनी मैदानात टेबल मांडून दीड मिनिटाला एक सायकल घेतली आणि माझ्या आधीच्या पाचपैकी तिघांना परत पाठवलं. एकाच्या हँडलवर पुढे झोपून धरायचे दांडे होते. शर्यतीत एकट्यानं चालवताना ठीक, गर्दीत त्यावर कोपरं टेकली की हात ब्रेकपासून लांब जातात. काढून या. दुसऱ्याचा मागचा लाल दिवा लुकलुकणारा. अंधारात मागच्याच्या डोळ्यांत तासभर लुकलुकला की त्याला अंतराचा अंदाज येत नाही, दिवा स्थिर हवा. तिसऱ्याची हँडलची टोकं उघडी, आतली नळी चाकूसारखी. पडला आणि कुणाच्या पोटात गेली तर? त्याला तिथल्या तिथे बाटलीचं बूच कापून बसवून दिलं.

माझ्याकडे मडगार्ड नव्हते. जूनमध्ये पाऊस, आणि मागच्या चाकाचा फवारा थेट मागच्या माणसाच्या तोंडावर. मला माझ्या पाठीची काळजी होती, त्यांना मागच्याच्या डोळ्यांची. मग त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या रबरांकडे बघत राहिले. "आऊट आहे. काढून घ्या." चाक फिरताना लचकत होतं, तीनेक मिलिमीटर. माझ्या डोळ्यांना आजवर कधी दिसलं नव्हतं, आता दिसेना असं होईना. त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी आऱ्यांना चावी लावून तो काढला, एकेक आरा पाव फेरा. सोबत बत्तीस मिलिमीटरचे गुळगुळीत टायर बसवले. हवेचं विचारल्यावर टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा दाखवून म्हणाले, ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत भरायलाच पाहिजे असं नाही. माझं वजन अठ्ठावन्न किलो. पुढे साठ, मागे सत्तर पीएसआय. ओल्या रस्त्यावर थोडी कमी हवा बरी.

डिस्क ब्रेक घे म्हणून ग्रुपमधल्या तिघांनी मागे लागून बघितलं. मी रिमवर रबर दाबणारे जुने व्ही-ब्रेकच ठेवले, रबरं तेवढी नवी. पावसात पहिला दाब रिमवरचं पाणी पुसण्यातच जातो हे खरं आहे. म्हणून पुढच्यापासून एक सायकल जास्त अंतर ठेवायचं आणि लवकर दाबायला सुरुवात करायची.

१५ जून २०२४, शनिवार. पहाटे चारला सारसबागेपाशी लाल दिव्यांची रांग. वीस-वीसच्या तुकड्या केल्या होत्या, वेगाप्रमाणे. मी शेवटून दुसऱ्या तुकडीत. सीटच्या दांड्याला जिथे फ्रेममधून बाहेर येतो तिथे मी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, म्हणजे कुणी वर-खाली केली तर कळावं. हडपसर ट्रकांच्या आधी ओलांडलं, लोणी काळभोरला उजाडलं, यवतला नाष्टा. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. आम्ही पालखीच्या आधीच निघालेले, आमच्या वाट्याला पोहे.

पाऊस पाठीला होता आणि वाराही. पावसाळी वारा पश्चिमेचा, आपण पूर्वेला. कुरकुंभच्या चढानंतर भिगवणपर्यंत तर मी ताशी चोविसाच्या खाली आलेच नाही आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. पुढच्याचं चाक दोन हातांवर, तो डावा हात खाली करून बोटानं खड्डा दाखवतो, मी माझ्या मागच्याला दाखवते, "खड्डा!" अशी आरोळी मागे मागे जात राहते. इतक्या जवळून चालताना कुणी अचानक ब्रेक मारायचा नाही, कुणी अचानक उभं राहायचं नाही. तीन तास मी एका अनोळखी माणसाच्या मागच्या चाकाकडे बघत होते आणि त्याचं चाक एकदाही लचकलं नाही. आऊट काढायला का पाठवलं ते तेव्हा कळलं.

भिगवणच्या पुढे मागचं चाक बसलं. तुकडीला पुढे जाऊ दिलं, शेवटचा मार्शल माझ्याबरोबर थांबला. मदत करू का विचारलं, नको म्हटलं. घरी हॉलमध्ये चार वेळा हेच केलं होतं, टीव्ही बघत. ट्यूब काढली, छेद सापडला, पण टायरमध्ये बोट फिरवून काही लागेना. तशीच नवी ट्यूब घालायची नाही, कारण जे टोचलं ते अजून आत असतं. गळ्यातला रुमाल काढून टायरच्या आतून फिरवला. एका जागी धागा अडकला. केसाएवढी बारीक तार. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या अशा तारा हायवेच्या कडेला सांडलेल्या असतात, आणि सायकलवाल्यांना कडेनंच जावं लागतं. नखांनी निघेना. दातांनी काढली.

हातपंपानं हवा भरता भरता चाळिसाला माझे दंड संपले. पुढे दोनशे पावलांवर ट्रकचं पंक्चरचं दुकान होतं. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा म्हणतात तो. दुकानदारानं कॉम्प्रेसरचं नळकांडं लावून बघितलं, बसेना.

"ताई, हे सुईसारखं काय आहे? याला कुठली हवा लागती?"

मी पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर लावून ठेवलेली पितळी टोपी काढली. वीस-तीस रुपयांची वस्तू. ती मागच्या व्हॉल्व्हवर फिरवली की तो मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसारखा होतो. "थोडी थोडी मारा, फुस फुस," मी म्हटलं, कारण ट्रकच्या कॉम्प्रेसरसमोर माझी ट्यूब म्हणजे फुगा. त्यानं तीनदा फुस केलं, मी अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि दोघांनी सुटकेचा श्वास टाकला. पैसे घेतले नाहीत. "माउलीला आमचा नमस्कार सांगा." टोपी त्याच्या पोराच्या हातात फिरत होती, ती मागून घ्यावी लागली.

इंदापूरला जेवण, पुढे भीमेचा पूल, मग टेंभुर्णी. तिथून रस्ता दक्षिणेला वळतो आणि आतापर्यंत पाठीत हात घालून नेणारा वारा उजव्या कुशीत धडकायला लागतो. शेवटचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. करकंबच्या अलीकडे दोघं जण टेम्पोत बसले. त्यातल्या एकाची सायकल माझ्या सायकलीच्या दहापट किमतीची होती. गुडघा गेला होता बिचाऱ्याचा. मी त्याला माप विचारणार होते, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले.

पुलावरून चंद्रभागा दिसली तेव्हा साडेसहा वाजले होते. दोनशे दहाच्या आसपास किलोमीटर. सायकली मठाच्या आवारात लावल्या, नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळस बघितला. रांगेत उभं राहायची ताकद उरली नव्हती. रात्री पिठलं-भाकरी मिळाली.

परतीचा वारा तोंडावर घेऊन येणारे आठ-दहा जण होते. आम्ही बाकीचे बसनं, सायकली टेम्पोत, एकीवर एक, मध्ये घोंगड्या. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या दारात माझी उतरवून घेतली तेव्हा मडगार्डवर सोलापूर रोडचा चिखल तसाच होता आणि सीट एकदम खाली. टेम्पोत रचायला कुणीतरी दाबून बसवली असणार. काळी टेप फ्रेमच्या तोंडाशी येऊन चुरगळली होती. नवरा म्हणाला, अगं, आधी अंघोळ तर कर. मी पिशवीतून पाच नंबरची ॲलन की काढली.